आडनावाशिवायचा पत्ता

माझं आडनाव मला परत मिळायला सात महिने लागले आणि मी ते काढून टाकलं पाच मिनिटांत. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. साल नक्की सांगता येणार नाही, कारण त्या दोन वर्षांतलं मला फारसं काहीच नक्की आठवत नाही.

लग्न मोडून मी अंबरनाथ पश्चिमेला आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, परत आले होते. का मोडलं ते विचारू नका, त्यात नवीन काही नाही. त्याचं दुसरीकडे होतं, एवढंच. आई त्याआधीच गेली होती, त्यामुळे घरात आबा आणि मी दोघंच. कोर्टाचा कागद हातात पडला त्या दिवशी मी घरी आले आणि भेंडी चिरायला बसले. शेजारच्या दोघीतिघी येऊन बसल्या होत्या. मी रडेन म्हणून वाट बघितली त्यांनी, आणि मग कुकरला शिट्ट्या द्यायच्यात म्हणून उठून गेल्या. मला रडू आलंच नाही, त्याला मी काय करू?

आबांचं मात्र सुरू झालं. ते कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झालेले, तीस वर्षं रजिस्टर लिहिलेला माणूस. अर्धवट कागद त्यांना खपत नसे. म्हणाले, "त्या माणसाचं आडनाव कशाला मिरवायचं आता? आपलं लाव." मी म्हटलं, "राहू द्या आबा, काय फरक पडतो?" "काय फरक पडतो म्हणजे?" असे काही ओरडले की वरच्या मजल्यावरची बाई खिडकीतून वाकून बघायला लागली. मग ॲफिडेव्हिट, गॅझेट, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक. सात महिने त्यांनी हेलपाटे घातले. ते कागद पुढे करायचे, मी सही करायचे. गॅझेटात माझं नाव आमच्या आडनावासकट छापून आलं, तेव्हा ते पान त्यांनी लॅमिनेट करून आणलं आणि शोकेसमध्ये उभं करून ठेवलं.

आता आडनावाचं सांगायलाच हवं. आमचं आडनाव ऐकलं की ज्यांना कळायचं त्यांना लगेच कळतं. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली, आबा दर रविवारी विहारात वंदनेला जातात, पण समोरचा माणूस आडनाव ऐकून जिथे जाऊन पोचतो तो त्याच्याही आधीच्या ठिकाणी. म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणांनी गावाच्या नावावरून दुसरं आडनाव घेतलं. पोरांना नोकरीत त्रास नको, भाड्यानं खोली मिळायला अडचण नको. माझ्या सख्ख्या काकांनीही घेतलं. आबांनी त्या भावाशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. "लपवायला आपण काय चोरी केलीय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना त्यांचा आवाज चढायचा आणि मी लहानपणी दार लावून घ्यायचे.

तर घरी बसून तरी किती बसणार, म्हणून ओळखीतल्या एकीनं मला उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका मॅडमकडे नेलं. मॅडम सिंधी, पन्नाशीच्या, बोलायला फटकळ आणि खायला घालण्यात सढळ. एका कंपनीची क्रीमं, लिपस्टिक, काजळ असा माल त्या विकायच्या. तो दुकानात मिळत नाही. आमच्यासारख्या बायकांनी कॅटलॉग घेऊन घरोघर जायचं, ऑर्डर घ्यायची. आम्हाला 'कन्सल्टंट' म्हणायचे. ऐकायला बरं वाटतं. कुणाच्या तरी घरी पाच-सहा बायका जमवायच्या, एकीला खुर्चीत बसवायचं, तिचा चेहरा साफ करून आपल्या हातानं क्रीम लावून दाखवायचं, याला डेमो म्हणत. मला ते जमून गेलं. मी वटवट करत नसे. बायकांना वाटायचं, ही खरं सांगते. खरं म्हणजे मला बोलायचाच कंटाळा होता.

बदलापूर पूर्वेला तेव्हा नव्या बिल्डिंगा भराभर भरत होत्या. तिथे एका बाईंकडे मी डेमोला गेले. चांगल्या बोलल्या, बसा म्हणाल्या, ट्रेमधून चहा आणला. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी म्हणाले नव्हतेच. आता सांगितलं. त्या म्हणाल्या, "अच्छा." या 'अच्छा'चे प्रकार असतात, आणि हा प्रकार मला शाळेपासून पाठ आहे. त्यानंतर खुर्चीत बसायला कुणी तयार होईना. एकीची स्किन सेन्सिटिव्ह निघाली, एकीला सर्दी झाली. शेवटी त्या बाई म्हणाल्या, "तुम्ही नुसतं सांगा ना कसं लावायचं, आम्हीच लावतो." मी सांगितलं. त्यांनी लावलं. मी डब्या गोळा करून निघाले. मला काही वाटलं नाही, अगदी खरं सांगते. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तशी मी त्या दिवसांत अख्खीच होते.

आठवड्याभरानं मॅडमनी सगळ्यांना घरी बोलावलं. कंपनीचा हुकूम आला होता. यापुढे ऑर्डर कॉम्प्युटरवर घ्यायच्या, प्रत्येकीनं स्वतःचा ईमेल ॲड्रेस काढायचा. तोच कंपनीत आपली ओळख, तोच कॅटलॉगच्या मागे छापणार, आणि एकदा दिला की बदलून मिळणार नाही. आमच्यातल्या निम्म्या बायकांनी तोपर्यंत कॉम्प्युटर फक्त बँकेत, काउंटरच्या पलीकडे बघितलेला. दोघींनी मुलांकडून आधीच काढून घेतलेले ॲड्रेस मॅडमनी वाचून बघितले. एकीच्यात 'स्वीट' होतं, दुसरीच्यात 'एंजल' आणि पुढे जन्मसाल. मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे, तुमको क्रीम बेचनी है कि दोस्ती करनी है? और अपनी उमर कौन लिखता है?" नाव साधं पाहिजे, आकडे नकोत, फोनवर एका दमात सांगता आलं पाहिजे, समोरच्याला लिहून घेताना दोनदा विचारावं लागता कामा नये. आम्ही शाळेतल्यासारखं वहीत उतरवून घेतलं.

सगळ्या गेल्यावर मला त्यांनी थांबवलं. ताटलीत पापड ठेवला. "बेटा, बुरा मत मानना. तू सरनेम मत डालना." म्हणाल्या, "वो बदलापुरवाली का फोन आया था. बोली, अगली बार किसी और को भेजो. मैं नहीं मानती ये सब, तुझे मालूम है, तेरे हाथ का मैं खाती हूँ. पर कस्टमर को मौका क्यों देना?" मग आपल्याच घरातलं सांगितलं. त्यांच्या नवऱ्यानं दुकानाच्या पाटीवरून आडनावाचा मागचा अर्धा भाग काढून टाकला होता. पूर्ण आडनाव वाचून परगावचं गिऱ्हाईक म्हणायचं, सिंधी आहे, लुटणार. "आधा काट दिया. तो क्या हम मर गए? धंदा है, बेटा."

त्या वाईट नव्हत्या हो. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं, पापड तिथेच टाकून उठले असते. मी पापड खाल्ला आणि म्हटलं, "ठीक है मॅडम." शेअर रिक्षात बसल्यावर एकच गोष्ट डोक्यात होती. आबांना हे कळता कामा नये. काकांशी दोन वर्षं बोलले नव्हते. माझ्याशी बोलणं टाकलं तर त्या घरात बोलायला दुसरं होतं कोण?

सायबर कॅफे आमच्या स्टेशनजवळच होता. प्लायवूडच्या केबिनी, पुढे पडदे, आत एकाला बसायला खुर्ची आणि दुसऱ्याला स्टूल. कॅफेवाल्या काकांनी पान उघडून दिलं आणि गेले. पहिल्यांदा मी पूर्ण नाव टाकलं. का टाकलं, ठाऊक नाही. बघू तरी म्हणून असेल. नाव, मध्ये टिंब, आडनाव. लगेच हिरवी खूण आली, 'अव्हेलेबल'. अख्ख्या जगात कुणीही ते घेतलेलं नव्हतं. मी थोडा वेळ त्या हिरव्या खुणेकडे बघत बसले. मग मागून एकेक अक्षर खोडत आले. नुसतं नाव टाकलं तर ते दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलेलं. साइट म्हणाली पुढे आकडे लावा, पण आकडे तर मॅडमना नको होते. शेवटी नाव, टिंब आणि पुढे 'ब्युटी' लावलं. पुन्हा हिरवी खूण. पासवर्ड दोनदा टाकला आणि झालं. कंपनीत मी आता ब्युटी होते, डोंबल माझं.

मग नाव आणि ईमेल घालून व्हिजिटिंग कार्डं कॅम्प तीनमधून छापून घेतली, जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत एक छोटा प्रेसवाला होता. आबांना दाखवायची नाहीत असं मी ठरवलं होतं. पण आबांना दाखवायची नाहीत म्हणजे काय करायचं, हे काही मी ठरवलं नव्हतं. कार्डांचा डबा कपाटात साड्यांखाली ठेवला आणि चार दिवसांनी त्यांनीच विचारलं, "कार्डं आली का? दे थोडी. रविवारी विहारात वाटतो, तिथे काय कमी बायका आहेत?" नाही कसं म्हणणार? दिलं एक. त्यांनी चष्मा लावून वाचलं, उलटवून मागची बाजू बघितली, परत पुढची.

"आडनाव राहिलं की गं."

"प्रेसवाल्याची चूक आहे," मी म्हटलं. असं पटकन तोंडातून आलं की माझं मलाच नवल वाटलं.

"आणि हे ईमेलमध्ये?"

"त्यातही त्यानंच खाल्लं."

"मग परत छापून दे म्हणावं त्याला. अर्धं नाव छापतो म्हणजे काय, गंमत आहे?"

"जाऊ दे आबा. आता वेळ नाही."

त्यांनी ते कार्ड खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर छत्री घेऊन कुठेतरी गेले आणि चहाच्या वेळेला परत आले. पाणी प्यायले, शर्ट खुंटीला लावला आणि म्हणाले, "तो कार्डांचा डबा आण." मी आणला. ते टेबलाशी बसले, निळं बॉलपेन घेतलं आणि पहिल्या कार्डावर माझ्या नावापुढे आडनाव लिहिलं. स्टोअरमधल्या खोक्यांवर लिहायचे तशी इंग्रजी कॅपिटल अक्षरं, एका उंचीची, छापल्यासारखी. मग खालच्या ओळीत ईमेलवर आले. 'ब्युटी'वर एक सरळ रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात आडनाव.

मी म्हटलं, "तिथे नका लिहू. तिथे लिहिलं तर मेल पोचणार नाही."

आबांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "का नाही पोचणार? नाव तुझंच आहे ना?"

मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. त्या दिवशी त्यांनी पंचवीस कार्डं लिहिली. दुसऱ्या दिवशी पंचवीस. सकाळी पेपर वाचून झाला की ते कार्डं काढायचे, तीस वर्षं ड्यूटी केली तशी ही ड्यूटी. लिहून झालेली कार्डं रबरबँड लावून ठेवायचे. मी समोर बसून कॅटलॉग चाळायचे. लाज वाटायला हवी होती. मी वाट बघितली लाजेची, पण ती काही आली नाही.

पण समजा विहारातल्या कुणी खरंच त्या पत्त्यावर मेल पाठवला तर? तो परत जाणार, ते आबांना विचारणार, आणि सगळं उघडं पडणार. म्हणून मी पुन्हा कॅफेत गेले आणि आडनावाचाही ॲड्रेस काढला. अजूनही तो अव्हेलेबलच होता. कोण घेणार होतं म्हणा.

तेव्हापासून माझे दोन कारभार सुरू झाले. पर्सच्या एका कप्प्यात डब्यातून आधीच बाजूला काढलेली बिनआडनावाची कार्डं, दुसऱ्यात आबांच्या हातची. कॅम्प पाच, कॅम्प तीन, बदलापूर, तिकडे पहिली. अंबरनाथमध्ये आपल्या माणसांत दुसरी. एकदाही अदलाबदल झाली नाही, त्या बाबतीत मी फार शिस्तीची. बदलापूरला मी पुन्हा गेले, दुसऱ्या सोसायटीत. तिथे मला 'ब्युटीवाल्या ताई' म्हणायला लागले. कुणी आडनाव विचारलंच तर मी हसून क्रीमचं झाकण उघडायचे. बायका खुर्चीत बसायच्या, डोळे मिटायच्या, मी त्यांच्या कपाळाला, गालांना हात लावायचे. काम वाढलं. मॅडम खूश. दर दोन दिवसांनी मी कॅफेत जाऊन ब्युटीची पत्रं बघायचे, आणि मग आडनावाचा ॲड्रेस उघडायचे. तिथे साइटनं पहिल्या दिवशी पाठवलेलं स्वागताचं पत्र, बाकी शुकशुकाट. विहारातल्या बायका मेल कशाला पाठवतील? त्यांना काजळ हवं असलं की त्या सरळ घरी यायच्या.

पावसाळा संपता संपता कंपनीनं मला सिल्व्हर पिन दिली. म्हणजे कॉलरला लावायचा एक बिल्ला, आणि ईमेलवर अभिनंदनाचं पत्र. मॅडमनी घरी फोन केला तो नेमका आबांनी उचलला. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "पत्र आलंय म्हणे कंपनीचं. मला दाखव."

"प्रिंट काढून आणते."

"प्रिंट नको. तिथेच बघायचं, जिथे येतं तिथे."

झालं, आता आली का पंचाईत! पण मी हुशार. त्याच संध्याकाळी एकटी जाऊन ते पत्र ब्युटीच्या ॲड्रेसवरून आडनावाच्या ॲड्रेसवर पाठवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर निघाले. कॅफेच्या केबिनीत मी त्यांना खुर्चीवर बसवलं, मी स्टुलावर. पडदा ओढला. आडनावाचा ॲड्रेस उघडला. वरच्या कोपऱ्यात माझं पूर्ण नाव आलं, गॅझेटात आहे तसं. आबांनी ते वाचलं. मग मी पत्र उघडलं. तेही त्यांनी वाचलं, ओठ हलवत, सावकाश, शेवटच्या सहीपर्यंत.

"छान," म्हणाले. "एवढी दोनच पत्रं?"

"नवीन आहे ना अजून."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. म्हणाले, "आता दुसरं उघड. ज्यात पत्रं येतात ते."

मी काही न समजल्यासारखं केलं. आबा माझ्याकडे बघत नव्हते, स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, "मी गेलो होतो त्या प्रेसवाल्याकडे. भांडायला गेलो होतो. त्यानं तू दिलेला कागद काढून दाखवला. अक्षर तुझं होतं. त्याच्या दुकानात त्याला वाट्टेल ते बोललो होतो आधी, मग माफी मागून आलो."

म्हणजे पहिलं कार्ड लिहायला बसले तेव्हाच त्यांना माहीत होतं. ती सगळी कार्डं, रोजची पंचवीस, माहीत असून लिहिली होती. मी विचारलं, "मग लिहीत का बसलात?"

"आपल्या लोकांत तरी पूर्ण असू दे म्हटलं."

मी ब्युटीचा ॲड्रेस उघडला. पानभर पत्रं होती, खाली आणखी पानं. बदलापूरच्या, कल्याणच्या, कुठल्या कुठल्या बायका. डिअर ब्युटी, ब्युटी मॅडम, ब्युटी ताई. आबा एकेक ओळ बोट फिरवत वाचत गेले. मी आता ओरडा पडायची वाट बघत होते. मला ओरडा हवा होता. काकांना जे ऐकवलं ते सगळं मला ऐकवावं, लपवायला काय चोरी केलीस म्हणून विचारावं, पडदा फाटेस्तोवर ओरडावं. माझी तयारी होती.

आबांनी बोट काढलं आणि म्हणाले, "शहाणपणा केलास."

असे म्हणाले, जसं काही भाजी निवडून ठेवलीस ते बरं केलंस. ज्या माणसानं सख्ख्या भावाला याच कारणासाठी दारात उभं केलं नाही, तो मला म्हणाला, शहाणपणा केलास. मी म्हटलं, "आबा, ओरडा ना मला." ते म्हणाले, "कशाला ओरडू? चाललंय ना तुझं चांगलं." आणि त्यांचा आवाज चढला नाही. एवढाही चढला नाही. त्या बदलापूरच्या बाईनं जे करून मला काही झालं नव्हतं, ते त्यांच्या त्या शांत आवाजानं झालं. नवऱ्यानं सोडलं तेव्हा नाही, कोर्टात नाही, त्या प्लायवूडच्या केबिनीत स्टुलावर बसून मी रडायला लागले. तोंडावर पदर घेतला तरी आवाज थांबेना.

आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पडदा नीट लागलाय का ते बघितलं आणि हळूच म्हणाले, "हळू गं. बाजूला लोक आहेत."